घोडा रवंथ करतो का?

प्रश्न दोन आहेत. ‘गाय, घोडा आणि ससा हे रवंथ करणारे प्राणी आहेत’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावणारा माणूसही रवंथच करतो, असं म्हणता येईल का?

वाक्यात गाय ठेवावी, घोडा आणि ससा काढावेत. गवत खाणं वेगळं, रवंथ करणं वेगळं.

‘रवंथ’ आला संस्कृत ‘रोमन्थ’वरून. ‘ग्राम’चं गाव आणि ‘नाम’चं नाव झालं, तसाच इथेही ‘म’चा ‘व’ झाला. पाणिनीने ‘रोमन्थायते’ या रूपासाठी सूत्रच दिलं आहे (३.१.१५). त्यावरचं वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेली पुरवणी, सांगतं की जबडा हलत असेल तरच हे रूप वापरावं. पाणिनीच्या सूत्रांवरच्या सिद्धान्तकौमुदी या ग्रंथात याचा अर्थ आणखी नेमका केलेला आहे : चावलेलं ओढून आणून पुन्हा चावणं. म्हणजे अन्न एकदा गिळलेलं हवं, ते परत तोंडात यायला हवं आणि दातांखाली जायला हवं.

गाय नेमकं हेच करते. चरताना ती गवत जेमतेम चावून गिळते. ते पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात जातं. प्रौढ गाईत हा कप्पा शंभर लिटरहून मोठा असतो. तिथले सूक्ष्मजीव गवताचे तंतू आंबवून फोडतात. निवांत बसली की ती एकेक गोळा वर आणून चघळते. दिवसाचे सात-आठ तास यात जातात. चौथा कप्पा आपल्या जठरासारखा असतो. तिथून पुढे ते सूक्ष्मजीवही पचतात आणि गाईला प्रथिनं मिळतात.

माणसात हा क्रम उलटा आहे. जठरातलं आम्ल आधी, मग सुमारे सहा मीटरचं लहान आतडं, आणि सूक्ष्मजीवांचं मुख्य काम त्यापुढे मोठ्या आतड्यात. घोड्याचा क्रमही आपल्यासारखाच. त्याचं जठर एकच. गवत आंबतं ते मागे, अवाढव्य अंधांत्रात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) आणि पुढच्या मोठ्या आतड्यात. तिथून परत तोंडाकडे वाट नाही. म्हणून लिदीत काड्या स्पष्ट दिसतात, शेणात मात्र त्या बारीक झालेल्या असतात.

सशाची गोष्ट फार सुंदर आहे. अंधांत्रात आंबलेल्या मऊ लेंड्या तो थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. अन्न दुसऱ्यांदा पोटात जातं खरं, पण तो त्या बहुधा न चावताच गिळतो. याच्या जवळ जाणारं उदाहरण जुन्या वैयाकरणांनाही सुचलं होतं : ‘रोमन्थ’ करणारा किडा. अपानातून, म्हणजे गुदद्वारातून, निघालेलं तो खातो, असा अर्थ कैयट या वैयाकरणाने दिला आणि कौमुदीने ‘रोमन्थायते’ हे रूप त्याला नाकारलं. त्याच न्यायाने ससाही बाहेर.

बत्तीस वेळा चावणं हे गिळण्याआधीचं, पहिलंच चावणं आहे, त्याला ‘चावून खाणं’ म्हणणंच योग्य. गिळलेलं परत वर आलं, तर आपण ‘घशाशी आलं’ म्हणतो आणि औषध शोधतो. गोठ्यात मात्र गाईने रवंथ थांबवलं की काळजी लागते. ‘जुन्या अपमानावर रवंथ करत बसला’ हा लाक्षणिक प्रयोग मला अगदी चपखल वाटतो, कारण त्यात गिळलेलंच परत वर येतं.