न घडलेल्या गोष्टींचा हिशेब

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

रुग्णालयाच्या खर्चात कपात सुचवण्याचे काम तुझ्याकडे आले आणि तुझी नजर आधी परिचारिकांच्या पगाराच्या मोठ्या आकड्यावर गेली, हे तू मोकळेपणाने लिहिलेस, ते बरे केलेस. त्या आकड्याला हात लावण्यापूर्वी माझे ऐकून घे. माझी उमेदीची वर्षे वॉर्डात गेली आहेत.

परिचारिकेकडे चार-पाच रुग्ण असले की ती औषधे देते आणि रुग्णाकडे नीट पाहतेही. दहा रुग्ण झाले की औषधे कशीबशी दिली जातात, पाहणे मात्र राहून जाते, आणि त्या राहून गेलेल्या पाहण्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री रुग्णाचा श्वास जलद होतो, लघवी कमी होते, एरवी बोलका असलेला माणूस तुटक उत्तरे देऊ लागतो. जंतुसंसर्ग बळावत असल्याच्या या खुणा वेळीच ओळखल्या गेल्या तर उपचार बहुधा वॉर्डातच होतात. सकाळच्या फेरीपर्यंत त्या तशाच राहिल्या तर अतिदक्षता विभाग गाठावा लागतो, आणि कधी तोही उपयोगी पडत नाही.

एका रात्रपाळीत सव्वीस रुग्णांसाठी मी एकटी होते. एका वृद्ध बाईंची कूस वेळच्या वेळी बदलायची राहिली आणि त्यांच्या पाठीला शय्याव्रण झाला. तो भरून यायला कित्येक आठवडे लागले. एका पाळीचा पगार वाचला आणि त्या बाईंनी आठवडेच्या आठवडे वेदना सोसल्या, याची बोच मला अजून आहे.

आता आकड्यांकडे वळू. परिचर्या क्षेत्रातील संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. नऊ युरोपीय देशांतील ३०० रुग्णालयांच्या २०१४ सालच्या अभ्यासातही हाच आकडा आला. तो मांडताना मात्र जपून मांड. शंभरांमागे सात मृत्यू अधिक, असा त्याचा अर्थ नाही. मुळात जी शक्यता असते, तिच्यात झालेली ती वाढ आहे. शिवाय जिथे परिचारिका पुरेशा असतात तिथे इतर सोयीही चांगल्या असू शकतात, ही शंका कोणीतरी घेईलच, आणि ती रास्त आहे.

म्हणून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचा अनुभव मला अधिक मोलाचा वाटतो. तिथे २०१६ पासून काही सरकारी रुग्णालयांतील ठरावीक वॉर्डांत परिचारिकेमागे सरासरी दिवसा चार आणि रात्री सात रुग्ण अशी मर्यादा लागू झाली, आणि संशोधकांनी नियम लागू होण्यापूर्वीची व नंतरची स्थिती, नियमाबाहेरच्या रुग्णालयांशी ताडून पाहिली. मर्यादा लागू झालेल्या रुग्णालयांत मृत्यू घटले, मुक्कामाचे दिवस इतरांपेक्षा अधिक कमी झाले, आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण इतर रुग्णालयांत वाढले तसे तिथे वाढले नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, टळलेला खर्च वाढीव परिचारिकांवरच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होता.

असे असूनही कपात परिचारिकांपासूनच का सुरू होते, याचे उत्तर हिशेबाच्या रचनेत आहे. पगार एका ओळीत, दर महिन्याला दिसतो. टळलेला न्यूमोनिया, न वाढलेला मुक्काम, चुकीची न दिली गेलेली मात्रा यांची ओळच नसते. त्यातून रुग्णालयाला दिवसांप्रमाणे पैसे मिळत असतील तर रुग्ण लवकर घरी गेल्याचा लाभ रुग्णाला किंवा विमा देणाऱ्याला होतो आणि पगार मात्र रुग्णालयाच्या माथी राहतो. ही अडचण खरी आहे. व्यवस्थापनापुढे ती लपवू नकोस. प्रशिक्षित परिचारिकेच्या जागी कमी पगाराचा मदतनीस नेमण्याची सूचनाही येईल, पण वर सांगितलेल्या खुणा ओळखण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नसते.

दमून सोडून गेलेल्या परिचारिकांच्या जागी नवीन माणसे नेमून शिकवण्याचा खर्चही धर. पुढचे पत्र लिहिण्याआधी गेल्या वर्षभराची ड्यूटीपत्रके काढ आणि प्रत्येक पाळीत हजर परिचारिका व दाखल रुग्ण किती होते ते लिही. त्याच तारखांपुढे वॉर्डातून तातडीने अतिदक्षता विभागात हलवलेले रुग्ण, पडण्याच्या घटना आणि शय्याव्रण यांची नोंद कर. तो कागद मला पाठव, आपण दोघे मिळून तो वाचू.

तुझी,
सिस्टर