‘गॅल्व्हनाइज’ हा शब्द मुळात पत्र्याचा नाही

‘पत्र्यावर जस्त चढवणे म्हणजे गॅल्व्हनाइज, मग भाषणाने लोक गॅल्व्हनाइज झाले असे इंग्रजीत का लिहितात?’ हा आपला प्रश्न वाचून उत्तर दिल्यावाचून राहवले नाही, कारण याच शब्दावरून एका वरिष्ठांशी झालेला माझा वाद अजून मिटलेला नाही. मी जस्तलेपनाच्या कारखान्यात असताना, अपघातानंतर कामगार सुरक्षेसाठी कसे पेटून उठले हे अहवालात सांगताना हा शब्द वापरला होता. वरिष्ठांनी तो सर्वांसमोर खोडला आणि सांगितले की जस्ताने लोखंड टिकते, तसे धीर देऊन माणसाला कणखर करणे एवढाच याचा लाक्षणिक अर्थ आहे.

हे साफ चूक आहे. इटलीतील बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श होताच तो कसा आखडतो, हे १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. ही वीज प्राण्याच्या शरीरातलीच आहे असे ते मानत. ती दोन भिन्न धातूंच्या संपर्कातून येते असे इटलीचेच भौतिकशास्त्रज्ञ व्होल्टा यांचे म्हणणे होते, आणि त्याच वादातून १८०० मध्ये पहिली विद्युतघटमाला, म्हणजे बॅटरी, जन्मली. गॅल्व्हानींचे भाचे आल्दिनी यांनी तर १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी गेलेल्या माणसाच्या प्रेताला वीज लावून त्याचा जबडा हलवून दाखवला. निश्चेष्टाला झटक्याने हलवणे हा अर्थ तिथून आला आहे.

जस्ताचा अर्थ नंतर आला. लोखंडावर जस्त चढवण्याचे पेटंट सोरेल या फ्रेंच अभियंत्याने फ्रान्समध्ये १८३७ मध्ये घेतले. वितळलेल्या जस्ताच्या टाकीत, सुमारे ४५० अंश सेल्सियसला, लोखंड बुडवताना बाहेरून वीज सोडावी लागत नाही. पण जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते ते दोन धातूंमधल्या विजेमुळेच, आणि अशा विजेला गॅल्व्हानींचे नाव मिळाले होते, म्हणून हे नाव.

वापराचे म्हणाल, तर १९३० मध्ये दांडीला मीठ उचलले गेल्यावर शिरोड्यापासून वडाळ्यापर्यंत लोक मिठासाठी धावले, तिथे हा शब्द शोभतो. हळूहळू गोडी लावण्याला तो लावू नये. कारखान्याच्या कागदपत्रांत घोटाळा होण्याची शक्यता असेल तर दुसरा शब्द घ्यावा, पण ती सोयीची बाब झाली. कुणी तो चुकीचा म्हणून खोडलाच, तर १७९१ आणि १८३७ ही दोन वर्षे त्याच कागदाच्या समासात शेजारीशेजारी लिहून तो परत पाठवावा.