वाचकांचे प्रश्न: ‘एलिट डेंजरस’ खेळताना

१९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी बीबीसी मायक्रो संगणकासाठी ‘एलिट’ हा अंतराळजहाज चालवण्याचा खेळ लिहिला. त्याच मालिकेतला चौथा खेळ ‘एलिट डेंजरस’ डिसेंबर २०१४ मध्ये आला. आपली आकाशगंगा खऱ्या मापात, सुमारे ४०० अब्ज तारकामंडलांसह यात मांडली आहे. बहुतेक पत्रांत लढाईबद्दल विचारलेले असते. पण नवख्यांची जहाजे गोळ्यांपेक्षा वेग, वजन, उष्णता आणि इंधन यांच्या चुकलेल्या हिशेबाने जास्त बुडतात, म्हणून आज त्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

स्टेशन समोर दिसते, तरी दर वेळी मी पुढे निघून जातो. थ्रॉटल शून्यावर आणले तरी थांबता येत नाही. काय चुकते? (सांगली)

ब्रेक उशिरा लागतो, एवढेच. सुपरक्रूझमध्ये (एकाच तारकामंडलातल्या लांब अंतरांसाठीच्या अतिवेगवान प्रवासात) जहाजाचा वेग एकदम उतरत नाही. लक्ष्याच्या नावाखाली अंतर आणि पोहोचायला लागणारा वेळ दिसतो. त्यातल्या वेळेकडेच पाहा. आकडा ०:०७ झाला की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर आणा आणि तिथेच सोडा. अंतर घटेल तसा वेगही घटेल आणि घड्याळ सातच्या आसपासच रेंगाळेल. अंतर १ मेगामीटरच्या (१,००० किमी) आत आले आणि वेगही निळ्या पट्ट्यात असला, की सुपरक्रूझमधून बाहेर पडता येते.

आकडा पाचच्या खाली घसरला की ती फेरी गेली असे समजा. थ्रॉटल शून्यावर ओढूनही पुढे जालच, त्यापेक्षा वळून पुन्हा या. ग्रहाजवळ गुरुत्वाकर्षणामुळे वेगमर्यादा आपोआप खाली येते. सरावलेले खेळाडू मुद्दाम ग्रहाला घासून जातात आणि फुकटचा ब्रेक मिळवतात. लक्ष्याभोवतीचे वर्तुळ तुटक रेषांचे दिसत असेल, तर स्टेशन ग्रहाच्या मागे आहे. सरळ गेलात तर ग्रहावर आदळण्याआधी जहाज सुपरक्रूझमधून बाहेर फेकले जाईल आणि नुकसान होईल.

सुपरक्रूझ असिस्ट हा जोडभाग बसवला तर हे सगळे तोच सांभाळतो. पहिले काही दिवस मात्र हाताने शिका. घाईच्या वेळी ती सवय उपयोगी पडते.

डॉकिंगची (स्टेशनवर उतरण्याची) परवानगी ७.५ किमीच्या आत आल्यावरच मागा, आधी मागितली तर नाकारतात. फिरत्या स्टेशनच्या फटीतून आत शिरताना हिरवे दिवे उजव्या हाताला ठेवा. आत १०० मीटर प्रतिसेकंदाच्या वर जाऊन दुसऱ्या जहाजाला धडकलात तर दोष तुमच्याच माथी येतो.

फ्युएल स्कूप बसवला आहे, तरी वाटेत इंधन संपून अडकलो. स्कूप बिघडतो का? (नाशिक)

ताऱ्यातून इंधन ओढणारा स्कूप ठीक आहे, तारा चुकीचा होता. इंधन फक्त ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम वर्गाच्या ताऱ्यांतून मिळते. एल, टी, वाय हे तपकिरी बटू, टी टॉरी, श्वेतबटू, न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे यांच्याभोवती कितीही घिरट्या घातल्या तरी थेंबही मिळायचा नाही. गॅलॅक्सी मॅपमध्ये ताऱ्यांच्या वर्गाची चाळणी असते. तिथे हे सातच वर्ग खुणावून ठेवा आणि मार्ग आखतानाही ती चाळणी लागू करा. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात, मग नकाशा नीटनेटका दिसतो पण मार्ग जुनाच राहतो. मार्गाची रेषा सलग आहे तिथपर्यंत हातातले इंधन पुरते. तुटक झाली की तिथून पुढे भरल्याशिवाय जाता येत नाही.

दुसरे कारण ‘सर्वांत वेगवान मार्ग’. त्यात एका तारकामंडलातून दुसऱ्यात जाण्याच्या उड्या कमी पडतात, पण प्रत्येक उडी जहाजाच्या क्षमतेच्या टोकाला असते, आणि इंधनाचा खर्च अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. लहान जहाजांतल्या दोन नंबरच्या (आकाराच्या) फ्रेम शिफ्ट ड्राइव्हला, म्हणजे उडी घेणाऱ्या यंत्राला, तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात लागतो. म्हणजे अर्ध्या अंतराच्या उडीला चौथाई इंधन, आणि तेच अंतर दोन उड्यांत कापले तर एकूण खर्च निम्मा. मोठ्या ड्राइव्हमध्ये हा फरक आणखी वाढतो. टाकी खाली आली आणि जवळ चांगला तारा नसला, तर ‘किफायती मार्ग’ निवडून छोट्या उड्यांनी सरका.

भरण्याची रीत अशी: उडी सुरू असतानाच थ्रॉटल शून्यावर आणा, म्हणजे बाहेर पडताच ताऱ्यात घुसणार नाही. मग ताऱ्याच्या कडेने जा. उष्णता ७० टक्क्यांच्या आत ठेवा, १०० च्या पुढे जहाजाचे भाग जळू लागतात. टाकी भरली की आधी ताऱ्यापासून दूर व्हा, मगच पुढच्या उडीसाठी ड्राइव्ह चार्ज करा. चार्जिंगची स्वतःची उष्णता असते, आणि ताऱ्याजवळ दोन्ही मिळून शंभरी ओलांडतात.

तरीही अडकलात तर फ्युएल रॅट्स आहेत. हे स्वयंसेवक खेळाडू कुणालाही फुकट इंधन आणून देतात. एक पथ्य पाळा: पडद्यावर प्राणवायूची उलटी मोजणी दिसली की लगेच मुख्य मेनूत बाहेर पडा आणि मग त्यांना कळवा. मूळ ई दर्जाच्या (ए सर्वांत वरचा, ई सर्वांत खालचा) लाइफ सपोर्टमध्ये ५ मिनिटांचीच हवा असते, ए दर्जात २५ मिनिटांची.

४ लाख क्रेडिट जमले आहेत. कोब्रा एमके थ्री घेऊ का? (मडगाव)

नको, अजून थांबा. कोब्रा या जहाजाची किंमत साधारण साडेतीन लाख, म्हणून ती आवाक्यात वाटते. पण त्या किमतीत सगळे भाग ई दर्जाचे मिळतात. तिचा चार नंबरचा फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह ए दर्जाचा घ्यायचा तर तेवढ्यालाच सुमारे १६ लाख लागतात. सी दर्जाचा १ लाख ७९ हजारांत येतो, पण त्याने फारसे भागत नाही. जहाज नष्ट झाले तर विम्याचा हप्ता भागांसह एकूण किमतीच्या ५ टक्के असतो. नव्या कोऱ्या कोब्राला तो साडेसतरा हजारांच्या आसपास पडतो, ए ड्राइव्ह घातल्यावर लाखाच्या घरात. शिवाय पोटातल्या मालाला विमा नाही. तेव्हा हप्ता अधिक मालाची किंमत एवढी रोकड हाताशी नसेल, तर स्टेशनबाहेर पडू नका. हप्ता भरायला पैसे नसले की पुन्हा साइडवाइंडर या पहिल्या छोट्या जहाजापासून सुरुवात!

भाग निवडताना एक सूत्र ठेवा. ड्राइव्ह शक्यतो ए, सेन्सर आणि लाइफ सपोर्ट डी. प्रत्येक आकारात डी सर्वांत हलका असतो, आणि वजन कमी झाले की उडी लांब पडते. म्हणूनच रिकाम्या जहाजाने आखलेला मार्ग माल भरल्यावर पुन्हा आखावा लागतो.

धंदाच करायचा असेल तर १०-१०.५ लाखांची टाइप-६ ही मालवाहू बरी. शील्ड (ऊर्जेचे कवच) ठेवूनही शंभर टनांच्या आसपास माल मावतो आणि ती मध्यम पॅडवर (उतरण्याच्या चौथऱ्यावर) उतरते. आउटपोस्टवर (छोट्या स्टेशनवर) मोठा पॅड नसतोच, त्यामुळे मोठा पॅड लागणारी टाइप-७ घेतल्यावर निम्मी गिऱ्हाइके हातची गेल्यासारखे वाटते. धातू रिफायनरी अर्थव्यवस्थेत घ्या, इंडस्ट्रियल किंवा हाय-टेकमध्ये विका. विक्रीचे स्टेशन ताऱ्यापासून किती प्रकाश-सेकंदांवर आहे ते आधी पाहा. टनामागे चार पैसे जास्त मिळाले, पण पोहोचायला पाव तास गेला, तर तो नफा नव्हे.

माल नेताना चाचे मध्येच खेचून बाहेर काढतात. झुंजून बघतो, पण हरतो. (ठाणे)

जड मालवाहू जहाज वळायला मंद, म्हणून त्या रस्सीखेचीत सहसा हरतेच. हरल्यावर जहाज भिरभिरत बाहेर पडते, मार खाते आणि ड्राइव्ह बराच वेळ तापलेला राहतो. त्यापेक्षा इंटरडिक्शन (ही खेचाखेच) सुरू होताच थ्रॉटल शून्य करा. याला शरण जाणे म्हणतात. नुकसान होत नाही आणि ड्राइव्ह लवकर तयार होतो.

बाहेर पडल्यावर ऊर्जेच्या सहा पिप्सपैकी (वाट्यांपैकी) चार सिस्टीम्सना, दोन इंजिनांना द्या. सिस्टीम्सना चार पिप्स असताना शील्डला बसणारा मार ६० टक्क्यांनी कमी होतो. पाठ दाखवून पळू नका, चाच्याच्या अंगावरूनच बूस्ट मारा, म्हणजे वळण्यात त्याचा वेळ जाईल. मग सुपरक्रूझ नव्हे, थेट दुसऱ्या तारकामंडलात उडी घ्या. जवळचे मोठे जहाज मास लॉकमुळे सुपरक्रूझचे चार्जिंग रेंगाळवते, हायपरस्पेस उडीवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. त्यासाठी पुढचे मंडल निघण्याआधीच निवडून ठेवा. ड्राइव्ह चार्जच होत नसेल तर शस्त्रे, कार्गो स्कूप किंवा लँडिंग गिअर उघडे राहिले आहे.

लेसर चांगले की मल्टी-कॅनन? (कोल्हापूर)

दोन्ही लागतात. लेसर शील्ड उतरवायला, मल्टी-कॅनन त्याखालचा पत्रा फोडायला. मात्र अ‍ॅनाकोंडासारख्या मोठ्या जहाजाच्या जाड कवचावर लहान मल्टी-कॅननचा जेमतेम एक तृतीयांश मार लागतो, कारण त्याची भेदकता २२ आणि अ‍ॅनाकोंडाची कठीणता ६५. गिम्बल (आपोआप नेम धरणारी) शस्त्रे शत्रूच्या चॅफमुळे (नेम चुकवणाऱ्या फवाऱ्यामुळे) भरकटली तर लक्ष्य सोडून द्या. मग ती सरळ पुढे मारतात. आणि स्कॅन पूर्ण होऊन ‘वॉन्टेड’ (हवा असलेला गुन्हेगार) दिसेपर्यंत गोळी झाडू नका, नाहीतर बक्षीस तुमच्याच डोक्यावर लागेल. मिळवलेली बाउंटी व्हाउचर्स (बक्षिसाच्या पावत्या) वेळेवर वटवा, जहाज गेले की तीही जातात.

आपल्याच सूर्यमालेत जाता येत नाही, हे कसे? (पुणे)

परमिट लागते. फेडरेशन या खेळातल्या महासत्तेच्या गटांची कामे करत नौदलात ‘पेटी ऑफिसर’ हुद्द्यापर्यंत चढा, ही चौथी पायरी. प्रगती १०० टक्के झाली की बढतीची वेगळी मोहीम येते. ती न घेता इतर कामे करत राहिलात तर तिथेच अडकाल.

एकट्याने खेळलो तरी इंटरनेट लागते? (लातूर)

हो, सोलो प्रकारातही.

हटन ऑर्बिटलला गेल्यास अ‍ॅनाकोंडा फुकट मिळते म्हणतात. खरे का? (रत्नागिरी)

नाही. खेळाडूंची ही जुनी थट्टा आहे. अल्फा सेंटॉरीतले हे ठिकाण मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षांवर आहे, आणि साध्या ड्राइव्हने तासाहून जास्त सरळ रेषेत जावे लागते. शिवाय ते आउटपोस्ट असल्यामुळे अ‍ॅनाकोंडा तिथे उतरूही शकत नाही! ‘हटन मग’ (पेला) आणि ‘सेंटॉरी मेगा जिन’ हा दुर्मीळ माल मात्र तिथे मिळतो. जायचेच असेल तर सुपरक्रूझमध्येही इंधन जळत राहते हे लक्षात ठेवा आणि अल्फा सेंटॉरी ए या जी वर्गाच्या ताऱ्यावर टाकी काठोकाठ भरूनच निघा.