चार वर्षं झाली, मॉक ऑरेंज फुलतच नाही!

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं एकाच झुडपाबद्दल, मॉक ऑरेंज. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, थंड हवेतलं पानगळीचं झुडूप, पुरुषभर उंच किंवा त्याहून जास्त, वसंत संपता संपता चार पाकळ्यांची पांढरी फुलं, मधे पिवळ्या केसरांचा झुबका आणि संत्र्याच्या मोहोरासारखा वास. संत्र्याशी नातं मात्र काही नाही.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी लावलं. झाड एकदम मस्त, माझ्या डोक्याच्या वर गेलंय, पण फुलाचं नाव नाही. गेल्या वर्षी मोजून तीन फुलं आली, तीही पार मागे कुंपणाच्या जाळीत अडकलेल्या फांदीला. दरवर्षी फेब्रुवारीत गुलाबाबरोबर याची पण नीट छाटणी करते, लॉनचं खत उरतं ते पण घालते. काय चुकतंय?

ताई, उत्तर तुमच्याच पत्रात आहे, त्या जाळीतल्या फांदीत. तिथे तुमचं सिकेटर (छाटणीची कात्री) पोचलं नाही म्हणून ती वाचली आणि फुलली!

गुलाब नव्या फुटीवर फुलतो म्हणून त्याला थंडीच्या शेवटी कापलेलं चालतं. याचं उलटं आहे, हे जुन्या काडीवर फुलतं, म्हणजे या उन्हाळ्यात जी लांब काडी वाढली तिच्यावर पुढच्या वर्षी आखूड फुटवे येतात आणि त्यांच्या टोकाला फुलं. तुम्ही फेब्रुवारीत शेंडे छाटता तेव्हा त्या वर्षीची सगळी फुलं कचऱ्यात जातात, मग झाड बिचारं जोमाने नवीन काड्या काढतं, त्यांच्यावर पुढच्या वर्षी फुलं येणार असतात आणि पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही परत हजर. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मी पण एकदा थंडीत "जरा शेप देऊ" म्हणून सगळं गोल कापलं होतं आणि मग जूनमधे शेजारच्यांच्या झाडाचा वास घेत बसले होते.

तर छाटणी करायची ती फुलं गळल्या गळल्या, एक-दोन आठवड्यांत. तेव्हा कापलं की नव्या काड्यांना वाढायला अख्खा उन्हाळा मिळतो. फुलून झालेल्या काड्या खालच्या जोमदार फुटव्यापर्यंत मागे आणायच्या, आणि झाड चार-पाच वर्षांचं झालं की दरवर्षी सगळ्यात जुन्या, जाड, साल सुटलेल्या फांद्यांपैकी चारातली एक थेट जमिनीलगत कापून टाकायची. वरून भादरायचं नाही, त्याने झाड खाली बोडकं आणि वर झाडू होतं. आधीच झाडू झालाय का, तर हाच उपाय, फक्त तीन-चार वर्षं धीर धरून.

आणि लॉनचं खत बंद. त्यात नायट्रोजन भरपूर, तुमची हिरवीगार पानं त्यामुळेच. वर्षातून एकदा बुंध्याभोवती दोन बोटं कंपोस्ट पसरलं, खोडाला न टेकवता, की पुरे होतं. ऊन किती आहे ते लिहिलं नाहीत, अर्धा दिवस तरी हवं, दाट सावलीत हे जगतं पण फुलत नाही. या वर्षी फेब्रुवारीत सिकेटर घरातल्या कुणाला तरी लपवून ठेवायला सांगा.

प्रश्न : नोव्हेंबरमधे सगळी पानं गळून नुसत्या काड्या उरल्यात. मेलं का? उपटू का?

अहो थांबा! पानगळीचं झाड आहे, पानं गळणारच. नखाने काडीची साल हलकेच खरवडून बघा, आत हिरवं ओलं दिसलं की जिवंत. कोरडं तपकिरी दिसलं तर जरा खाली खरवडा, शेंडा मेलेला असू शकतो. उणे २० अंश सुद्धा हे सहज काढतं, थंडीने मरत नाही, मेलंच तर बहुतेक वेळा मुळाशी पाणी साचून.

प्रश्न : आमच्याकडे हिवाळा फार थंड नसतो, तरी मॉक ऑरेंज बारा महिने हिरवं आहे आणि वर्षातून तीन-चारदा फुलतं. मग थंडी लागते असं का म्हणतात?

कारण तुमच्याकडे आहे ती कुंती! कामिनी पण म्हणतात. तिलाही इंग्रजीत मॉक ऑरेंज म्हणून विकतात, आणि ती खरंच लिंबू-संत्र्याच्या कुळातली आहे, म्हणजे नकली नाव खऱ्या नातेवाइकाला. आपण बोलतोय ते फिलाडेल्फस. त्याला थंडीची झोप लागते, गरम हवेत लावलं तर नुसतं कुढतं. तुमची कुंती छान आहे, तिलाच सांभाळा. नावांचा गोंधळ इथेच संपत नाही, फिलाडेल्फसला जुन्या लोकांनी सिरिंगा म्हटलं आणि सिरिंगा हे शास्त्रीय नाव आहे लायलॅक या दुसऱ्याच फुलझुडपाचं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचं फूल सिरिंगा, पण तिथे लायलॅक समजून जाल तर फसाल, तो फिलाडेल्फसच आहे. म्हणून रोप घेताना लेबलवर फिलाडेल्फस लिहिलंय का तेवढं बघाच.

प्रश्न : भरभरून फुललं पण वासच नाही!

जात तशी असेल. एका जातीचं तर नावच इनोडोरस, म्हणजे बिनवासाचं. याला उपाय नाही. म्हणून रोप शक्यतो फुलावर असतानाच घ्यावं, नाक लावून. वास हवा असेल तर साधा कोरोनेरियस किंवा बेल एत्वाल, त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी जांभळट डाग असतो. कुंडीत लावायचं असेल (असंही एकीने विचारलंय) तर मांतो दर्मिन, मीटरभराच्या आत राहतं, फुलं दुहेरी, म्हणजे जास्त पाकळ्यांची, आणि वासाची. कुंडी मोठी घ्या आणि उन्हाळ्यात पाण्याला विसरू नका, बाकी कौतुक नको.

प्रश्न : कोवळ्या शेंड्यांवर काळे किडे चिकटलेत, पानं मुडपलीत.

काळा मावा. हाच उन्हाळ्यात बीन्सवर जातो आणि थंडीच्या आधी परत येऊन या झुडपावर अंडी घालतो. पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवस सलग. लेडीबग दिसले तर पाण्याचा फवाराही नको, ते मावा खायलाच आलेत. औषध मारू नका, मावा जातो तसे तेही जातात.

प्रश्न : बहिणीला माझ्या झाडाचं रोप द्यायचंय, बी पेरू का कटिंग?

कटिंग. बियांपासून तेच झाड येईल याची खात्री नाही. पानगळ झाली की याच वर्षीची, पेन्सिलीएवढी जाड काडी घ्या, एक-दोन गेल्या तर झाडाला कळत पण नाही. वीतभर लांब तुकडे, बुडाला डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या गाठीच्या) लगेच खाली सरळ काप, वर तिरका. बाहेर मोकळ्या जमिनीत, निचरा असेल तिथे, दोन तृतीयांश भाग आत जाईल असे खोचा आणि पुढच्या पानगळीपर्यंत हलवू नका. वसंतात पालवी फुटली म्हणून लगेच उपटून मुळं बघायची नाहीत, पालवी आधी येते, मुळं सावकाश. तिरका काप मात्र नक्की करा, कारण पानं गळल्यावर वर कुठलं आणि खाली कुठलं हे पटकन कळत नाही. मी एका वर्षी आठच्या आठ उलटी खोचली होती.