२०२८ चा हिशेब आणि दहा वर्षांची मुलगी

विक्रोळीहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलंय. थोडक्यात असं: यजमान चाळिशीतले, फिटरचं काम करतात. सासरचं घराणं पिढ्यानपिढ्या भायखळ्याच्या मंडळीतलं, म्हणजे तिथल्या चर्चमधलं. वर्षभरापासून यजमान दर शुक्रवारी एका वेगळ्याच प्रार्थनागटात जातात. तिथले पुढारी सांगतात, प्रभू येशू २०२८ च्या आत पुन्हा येणार, विश्वासणाऱ्यांना उचलून नेणार आणि बाकीचे मागे राहणार. त्यामुळे दोघांच्या नावावरची सहा लाखांची एफडी मोडून 'सुवार्तेच्या कामाला' द्यायची, असं यजमानांच्या मनाने घेतलंय. आधार कार्ड म्हणजे बायबलात सांगितलेली श्वापदाची खूण, म्हणून तेही नको. दहा वर्षांची मुलगी रात्री दोन-अडीचला उठते आणि आईबाबा अंथरुणात आहेत का, हे हाताने चाचपून बघते. बाबांनी मोबाइलवर दाखवलेल्या व्हिडिओत माणसं एकदम नाहीशी होतात, जमिनीवर नुसते कपडे उरतात. शिवाय भगिनीची आई हिंदू होती, गेल्या श्रावणात वारली. गटातल्या एका बाईंनी तोंडावर सांगितलं, ती नरकात गेली. आता वर्षश्राद्धाला भावाने बोलावलंय, यजमान नको म्हणतात. "ताई, हे सगळं खरं आहे का? मी काय करू?"

सलाम भगिनी,

आधी मुलीचं बघू. एफडी आठ दिवस थांबेल, ती थांबणार नाही.

रात्री ती उठली की समजावत बसू नका. दिवा लावा, पाणी द्या, "आम्ही दोघं इथेच आहोत" एवढंच म्हणा आणि तिचा हात धरून पडा. बोलायचं ते दिवसा, वेणी घालताना वगैरे. तिला विचारा, "तू मागे राहशील असं तुला का वाटतं?" या वयाच्या मुलांच्या मनात बहुतेक वेळा एखादी बारीकशी चूक सलत असते: खोटं बोललेलं, भावाला मारलेलं. ती एकदा तोंडातून बाहेर पडली की निम्मी भीती उतरते. आणि तो व्हिडिओ तिच्यादेखत तिच्या बाबांनीच पुसायला हवा, तुम्ही नाही. भीती त्यांच्या हातून आली आहे, ती त्यांच्याच हातून जायला हवी. महिनाभरात झोप सुधारली नाही, किंवा ती शाळेत जायला नको म्हणू लागली, तर केईएम किंवा नायरच्या मानसोपचार विभागात दाखवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं मुळीच नाही.

आता तुमचा प्रश्न, हे खरं आहे का. न्याय वगैरे काही नसतं, असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला प्रभू पुन्हा येईल, हे आपण विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत आपला विश्वास कबूल करताना, उभं राहून म्हणतो आणि मनापासून म्हणतो. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, सगळेच म्हणतात. पण तारीख त्यात कुठेच नाही. बायबलात मत्तय २४:३६ मध्ये येशू सांगतो की तो दिवस आणि ती घटका दूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला आहे. प्रेषितांची कृत्ये १:७ मध्ये स्वर्गात जाण्याआधी तो शिष्यांना पुन्हा तेच बजावतो: काळ-समय जाणणं तुमच्याकडे नाही.

यजमानांच्या वहीतलं गणित तुम्ही उतरवून पाठवलंत, बरं केलंत. अंजिराच्या झाडाचा दाखला म्हणजे इस्राएल, इस्राएल झालं १९४८ ला, 'ही पिढी' संपायच्या आत सगळं घडणार, स्तोत्र ९० प्रमाणे आयुष्य ८० वर्षांचं, म्हणून १९४८ अधिक ८०. या बेरजेचा इतिहास त्यांना ठाऊक नसावा. आधी पिढी ४० वर्षांची धरली होती, तेव्हा उत्तर १९८८ आलं. ते साल गेलं. मग ७० धरली, २०१८ आलं. तेही गेलं. आता ८०. आकडा वचनातून निघत नाही, सरलेल्या सालाच्या मागून सरकत येतो. स्तोत्र ९० हे तर माणसाचं आयुष्य किती क्षणभंगुर आहे याची प्रार्थना आहे, पिढी मोजायची पट्टी नव्हे. अमेरिकेत विल्यम मिलर यांनी दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस वर्षं म्हणून धरले, इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजले, आणि त्यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही प्रभूच्या येण्याची तारीख ठरवली. काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पीक तसंच उभं होतं.

'उचलले जाणे' हा सगळ्यात नाजूक भाग आहे, कारण मुलीची भीती इथूनच आली. आधार दिला जातो तो १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ चा. प्रेषित पौलाने ते पत्र कोणाला लिहिलं? ज्यांची माणसं वारली होती आणि ती पुनरागमनाला मुकतील असं वाटून जे रडत होते, त्यांना. पौल म्हणतो, उलट मेलेले आधी उठतील, मग आपण सगळे एकत्र. आणि १८ व्या ओवीत सांगतो, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. सांत्वनासाठी लिहिलेली ओळ ऐकून लेकरू घाबरत असेल तर सांगणाऱ्याचं चुकतंय. तिथे 'सामोरे जाणे' यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तो येणाऱ्या राजाला नगराबाहेर जाऊन भेटायचं आणि मानाने आत आणायचं, यासाठी वापरत. कितीतरी अभ्यासक ही ओवी तशीच वाचतात. आपल्याकडे सीमांतपूजनाला वऱ्हाड वेशीवर येतं, मुलीकडचे सामोरे जातात आणि नवरदेवाला मांडवात घेऊन येतात. वेशीवरून कोणी त्याच्याबरोबर परत पळून जात नाही! मुलीला हे असंच सांगा, तिने लग्नं पाहिली असतील.

'एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल' ही मत्तय २४:४० ची ओवी त्या व्हिडिओवाल्यांची आवडती. तिच्या लगेच आधी नोहाचा दाखला आहे, आणि त्यात पूर ज्यांना वाहून नेतो ते बुडालेले असतात. मागे राहतो तो नोहा, त्याच्या घरच्यांसकट. विश्वासणारे महासंकटाआधी गुपचूप उचलले जातील, ही शिकवण जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० च्या दशकात मांडली आणि १९०९ च्या स्कोफील्ड टीपांच्या बायबलमुळे ती जगभर पसरली. ती मानणारे प्रामाणिक लोक पुष्कळ आहेत, त्यांना मी खोटं म्हणणार नाही. पण ती विश्वासांगीकारात नाही, आणि ती न मानल्याने कोणी तारणाला मुकत नाही.

खुणेबद्दल दोनच गोष्टी. प्रकटीकरण १३ मधली खूण श्वापदाच्या उपासनेशी जोडलेली आहे, शाळेत दाखवायच्या कार्डाशी नाही. आणि ६६६, म्हणजे तिथे दिलेला श्वापदाचा आकडा: हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. 'नेरोन कैसर' लिहून बेरीज करा: ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २००. होतात ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे. शेवटचा 'न' गाळून 'नेरो' लिहिलं की ५० कमी होतात आणि नेमके तेवढेच उरतात. पहिल्या वाचकांना छळणारा सम्राट त्यात दिसत होता, असं बहुतेक अभ्यासक धरतात.

पैशाचं काम शांतपणे पण ठामपणे करा. संयुक्त एफडी मुदतीआधी मोडायला साधारणपणे दोघांच्याही सह्या लागतात. तुम्ही सही करू नका, आणि का करत नाही ते यजमानांना सरळ सांगा, लपवाछपवी नको. बँकेत जाऊन नियम स्वतः विचारून या. द्यायचंच असेल तर पगारातून द्या: १ करिंथ १६:२ मध्ये पौल मिळकतीच्या मानाने दर आठवड्याला बाजूला ठेवायला सांगतो, साठवण मोडायला नाही. गटाकडे नोंदणी क्रमांक आणि पावती मागा. नोंदणी आहे की नाही, हे वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तपासता येतं. पावती मागितल्यावर 'विश्वास नाही का' असं उत्तर आलं, तर एक रुपयाही देऊ नका.

यजमानांशी शुक्रवारी रात्री वाद घालू नका. गटातून नुकताच परतलेला माणूस ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर म्हणा, "थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रं मोठ्याने वाचून दाखवता का?" पहिल्याचे पाच अध्याय, दुसऱ्याचे तीन, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मध्ये बोलू नका. दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल कामधंदा न करता नुसते फिरणाऱ्यांना खडसावतो, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये म्हणतो. ते त्यांच्या स्वतःच्या आवाजात त्यांना ऐकू येऊ द्या. तरी नाही पटलं तर भायखळ्याच्या पाळकांना घरी चहाला बोलवा. हा माणूस वाईट नाही, तो घाबरलाय आणि घरच्यांना वाचवायला धडपडतोय. त्याला तसंच वागवा.

राहिली तुमची आई. त्या बाईंना तो निकाल द्यायचा अधिकार कोणी दिला? १ करिंथ ४:५ स्पष्ट म्हणतं, प्रभू येईपर्यंत वेळेआधी न्यायनिवाडा करू नका. योहान ५:२२ प्रमाणे न्याय पुत्राकडे सोपवलेला आहे, दुसऱ्या कोणाकडे नाही. ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोहोचली नाही किंवा ज्यांनी ती स्वीकारली नाही त्यांचं काय, यावर मंडळ्यांत एकमत नाही. काही कडक बोलतात. कॅथलिक मंडळीने १९६४ साली व्हॅटिकन परिषदेत म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मत्तय २५ मध्ये न्यायाच्या वेळी उजवीकडे उभे असलेले, भुकेल्यांना जेवू घातलेले लोक तर चकितच होतात: प्रभू, तुला भुकेला आम्ही कधी पाहिलं? तुम्ही लिहिलंय की आई चाळीत कोणालाही उपाशी परत पाठवत नसे. तो अध्याय तिच्यासाठी वाचा.

वर्षश्राद्धाला जा. विधीत बसायचं की नाही, नैवेद्याचं पान घ्यायचं की नाही, याबद्दल मन साशंक असेल तर आधी पाळकांशी बोला आणि भावाला फोनवर सांगून ठेवा, म्हणजे पंगतीत अवघडायला होणार नाही. सकाळी लवकर पोहोचा, वहिनीला भाजी चिरू लागा. मुलीला बरोबर न्या आणि तिची आजी कशी होती, ते तिला तिथे बसून सांगा.