कॅनडात डॉग हँडलर व्हायचंय? वही घाल आधी

भावा, तू विचारलंस की नवी मुंबईच्या श्वान पथकातली 9 वर्षं कॅनडात धरतात का आणि इथे पोलिसांत थेट डॉग हँडलर म्हणून लागता येतं का. मी ठाण्याच्या पथकात 11 वर्षं काढून 2017 मध्ये कॅल्गरीला आलो. सरळ सांगतो, थेट लागता येत नाही. एजंट काहीही म्हणो. नौपाड्यातल्या एकानं ‘के-नाइन ऑफिसर’चं ऑफर लेटर दाखवून माझे 80 हजार उकळले, ते पद मला अजून सापडायचंय.

आरसीएमपी, म्हणजे इथले केंद्रीय पोलीस, पीआरवाल्यालाही, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी मिळालेल्यालाही घेतात. पण आधी रिजायना शहरात 26 आठवड्यांचं ट्रेनिंग आणि मग साधी गस्त. हँडलर व्हायचं तर ड्युटी सांभाळून, स्वतःच्या वेळात त्यांची पिल्लं वाढवून दाखवायची. मग कुठे इनिसफेलच्या श्वान केंद्राचं दार उघडतं, आणि तिथे सगळे जर्मन शेफर्ड. माझं वय बघता मी तो नाद सोडला आणि खासगी सिक्युरिटी कंपनीत स्फोटकं हुंगणाऱ्या लॅब्रेडॉरवर लागलो.

पीआरचं थोडक्यात: तू बारावी, वहिनी नर्स, तर मुख्य अर्जदार तिलाच कर. तू आणि मुलगी तिच्या अर्जात याल. आमच्याकडेही असंच झालं, सासूबाई अजून ऐकवतात. कागद हातात पडेपर्यंत राजीनामा टाकू नकोस.

आता खरं अवघड काय ते. ठाणे स्टेशनला आपण फलाटावरच्या बॅगांच्या रांगेवरून कुत्रं फिरवायचो, कुणाला विचारायची गरज नसायची. इथे 2002 मध्ये कॅल्गरीच्याच बसस्टँडवर पोलिसांनी एका प्रवाशाला हटकलं. चेव्ही नावाचं कुत्रं त्याच्या बॅगेपाशी बसलं, म्हणजे वास लागल्याचा इशारा दिला, आणि आत कोकेन निघालं. तरी 2008 मध्ये सुप्रीम कोर्टानं माणूस सोडला. पोलिसांनी कुत्र्याकडून बॅग हुंगवणं हीच झडती, आणि त्यासाठी संशयाला धड कारण नव्हतं. माल सापडूनही आरोपी सुटला, हे पचायला मला महिना लागला.

गांजाचंही तसंच. ऑक्टोबर 2018 मध्ये तो इथे कायदेशीर झाला. गांजा शिकलेलं कुत्रं गांजालाही बसतं आणि कोकेनलाही बसतं. कशाला बसलंय हे त्याला सांगता येत नाही, म्हणून नुसत्या बसण्यावर संशय धरता येत नाही, आणि शिकलेला वास विसरवणंही भरवशाचं नाही. चांगली कामाची कुत्री त्यापायी लवकर निवृत्त झाली.

म्हणून इथे सगळे वही मागतात, म्हणजे कुत्रं किती वेळा बरोबर ठरलं आणि किती वेळा चुकलं याची नोंद. मुलाखतीत मी मोठ्या अभिमानानं 1993 च्या मुंबई स्फोटांनंतर स्फोटकं शोधणाऱ्या आपल्या जंजीर कुत्र्याची गोष्ट सांगितली. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, ‘तुमच्या कुत्र्यानं गेल्या सहा महिन्यांत काहीही लपवलेलं नसताना किती वेळा इंडिकेशन, म्हणजे वास लागल्याचा इशारा दिला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे चुकलेलं कोण लिहितो?

बाकी कुत्रं वाचण्याची तुझी नजर कामाला येईलच. मे महिन्यात यार्डात जीभ बाहेर काढून धापा टाकणारं कुत्रं धड हुंगत नाही, हे तुला कळतं. इथे उणे 25 ला उलटं. माझी लॅब पहिल्याच जानेवारीत पार्किंगमध्ये एकेक पाय आळीपाळीनं उचलत उभी राहिली. मला वाटलं काटा रुतला. बर्फावर टाकलेलं मीठ पंजाला झोंबत होतं. बूट घातले तर सर्कशीतल्यासारखी चालली, पण दहा मिनिटांत कामाला लागली. थंडीत वासही कमी उठतो, त्यामुळे तिला प्रत्येक गाडीपाशी जास्त वेळ द्यावा लागतो.

आणि कुत्रं रात्री केनलमध्ये जात नाही, तुझ्या घरी राहतं. घर भाड्यानं घेताना हे आधीच सांग, आमचे दोन घरमालक त्यावरूनच फिरले.

तर आजपासून वही घाल, इंग्रजीत. तारीख, जागा, हवा, काय लपवलं, किती वेळ ठेवलं, कुणी लपवलं, किती मिनिटांत सापडलं. कुत्रं चुकलं तेही लिही, आणि तू पट्टा ओढून त्याला बसवलंस तेही. सहा महिन्यांची झाली की मला फोटो पाठव.