वाचक विचारतात : वासुदेवाची टोपी की बुध्याचा टोप?

प्रश्न : माझे थोरले मामा राज्य नाट्यस्पर्धेतील नाटकांचे नेपथ्य आणि वेशभूषा करीत असत. ठिकठिकाणची शिरोभूषणे जमवण्याचा त्यांना नाद होता. त्यांच्या पश्चात घराच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली, सुमारे दीड हात उंचीची, बांबूच्या सांगाड्याची मोरपिसांची टोपी सापडली. घरात सगळे तिला वासुदेवाची टोपी म्हणतात. मात्र आत दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर मामांच्या अक्षरात ‘काठी, ता. अक्कलकुवा, जि. धुळे, होळी’ एवढेच लिहिले आहे. आतल्या कडेला पांढरा थर आहे आणि टोपी हलवली की पिवळसर पूड गळते. ती पुसून, उन्हात ठेवून स्वच्छ करावी काय? मामांच्या संस्थेतील मुले ती नाटकासाठी मागत आहेत, तर परदेशात वेशभूषेचे शिक्षण घेणारी माझी मुलगी ती तिकडे पाठवा म्हणते. मोरपिसे घरात ठेवणे गुन्हा तर नाही ना?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आपल्या घरच्यांचा समज स्वाभाविक आहे, कारण मोरपिसांची टोपी म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पहाटे चिपळ्या वाजवीत दारी येणारा वासुदेवच उभा राहतो. परंतु वासुदेवाची टोपी रोज गावभर फिरताना घालायची असल्यामुळे आटोपशीर, निमुळती आणि डोक्यावर घट्ट बसणारी असते. कामट्यांचा उंच सांगाडा तिला परवडणारा नाही. आपल्याकडील वस्तू बहुधा सातपुड्यातील होळीत बुध्या डोक्यावर धारण करतो तो टोप आहे, आणि चिठ्ठीही तेच सांगते. काठी हे पूर्वीचे मेवासी, म्हणजे भिल्ल सरदाराचे छोटे संस्थान. तेथील राजवाडी होळीची परंपरा सन १२४६ पासूनची असल्याचे तेथे सांगितले जाते. नवस फेडण्यासाठी बुध्या किंवा बावा होणारा पुरुष काही दिवस कडक पालनी (व्रताचे नियम) पाळतो, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतो, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधतो आणि डोक्यावर हा टोप घेऊन होळीभोवती नाचतो.

चिठ्ठीतील ‘जि. धुळे’ ही दोन अक्षरे मला टोपाइतकीच मोलाची वाटतात. अक्कलकुवा तालुका १ जुलै १९९८ रोजी नव्याने झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात गेला. त्यामुळे मामांनी जुन्या सवयीने लिहिले नसेल, तर हा टोप त्याआधीचा आहे. (‘पश्चिम खानदेश’ हे धुळे जिल्ह्याचे जुने नाव लिहिलेले असते, तर आपण आणखी चार दशके मागे गेलो असतो.) पिसांच्या तजेल्यावरून मात्र वय ठरवू नये. मोरपिसातील निळा-हिरवा रंग हा कापडाच्या रंगासारखा चढवलेला नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेवर पडणाऱ्या प्रकाशाचा खेळ असतो. म्हणून तो जुन्या पिसातही टिकून राहू शकतो. तेव्हा चिठ्ठी टोपापासून वेगळी करू नका. तिचे छायाचित्र काढा आणि मामा काठीला कधी, कोणाबरोबर गेले होते हे आठवणारे कोणी नाट्यसंस्थेत असेल, तर ते आजच लिहून घ्या.

आता पुडीविषयी. आतल्या कडेला चिकटलेला पांढरा थर हा बहुधा नाचणाऱ्याच्या कपाळावरील नक्षीचा आहे. तो पुसलात तर टोप खरोखर कोणीतरी नाचताना घातला होता, याचा पुरावाच पुसला जाईल. गळणारी पिवळसर, पिठासारखी पूड ही वेगळी गोष्ट असून तो बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा उद्योग आहे, आणि त्याच्यावर उपाय तातडीने केला पाहिजे. उन्हाचा विचार मनातून काढून टाका. खानदेशातले वैशाखातले ऊन कामट्या तडकवील आणि बांधणीचे दोरे कुजके करील. डांबरगोळ्या कामटीच्या आत बसलेल्या अळीपर्यंत पोहोचत नाहीत. संग्रहालयांत वापरली जाणारी पद्धत अशी, की वस्तू न उसवता जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी, शक्य तेवढी हवा काढून पिशवी बंद करावी आणि उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन आठवडे ठेवावी. दीड हाताचा टोप घरच्या फ्रीजमध्ये मावणार नाही. ओळखीच्या आइसक्रीमवाल्याचा आडवा डीप फ्रीझर मात्र चालेल. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर गार पिसांवर दव धरेल. त्यानंतर टोप प्लॅस्टिकमध्ये न ठेवता धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून खोक्यात उभा ठेवावा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहावा, कारण भुंगेरा गेला तरी पिसांना कसर लागू शकते.

कायद्याची धास्ती बाळगू नये. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने मोराच्या शेपटीच्या पिसांना आणि त्यांपासून केलेल्या वस्तूंना देशांतर्गत व्यवहारात सूट दिलेली आहे. मोरपिसांच्या निर्यातीवर मात्र बंदी आहे. त्यामुळे टोप कुरिअरने मुलीकडे पाठवू नका, तिच्या सामानातही देऊ नका. तिला मोजमापे, सर्व बाजूंची छायाचित्रे आणि आतल्या बांधणीचा आराखडा पाठवा; वेशभूषेच्या विद्यार्थिनीला त्याचा उपयोग टोपापेक्षा अधिक होईल.

संस्थेतील मुलांनाही हीच कागदपत्रे द्यावीत. मूळ टोप रंगमंचावर नेऊ नये. प्रखर दिवे, घाम आणि तालमीतील धक्काबुक्की त्याला सोसणार नाही. कामट्या, रंगीत कागद आणि थोडी पिसे आणून प्रतिकृती आठवडाभरात होते. मात्र ज्याच्यासाठी माणूस व्रत पाळतो तो टोप विनोदी सोंगाच्या डोक्यावर चढवणार असाल, तर माझ्या मते प्रतिकृतीही करू नये. नाटकात होळीचाच प्रसंग असेल, तर एकदा काठीला जाऊन प्रत्यक्ष पाहून यावे. घरी सांभाळणे जड झाले, तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे किंवा पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयाकडे आधी पत्राने विचारणा करावी, आणि त्या पत्रासोबत चिठ्ठीचे छायाचित्र जोडावे.